कॅलिफोर्नियाचा एस्टिमेटेड टॅक्स कमी भरला तर व्याज किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी एप्रिल आला की तेच प्रश्न, त्यामुळे एकदाच बसून सगळं लिहून काढतोय. हे फक्त कॅलिफोर्नियाच्या स्टेट टॅक्सबद्दल आहे, फेडरलचा उल्लेख येईल तो तुलनेपुरताच. मी सीपीए (अमेरिकेतला सीए) नाही, पण स्वतःचा हिशोब स्वतः करायची खोड आहे आणि एकदा राज्याकडून व्याजाचं पत्र आल्यावर ती जरा वाढली. आकडे टॅक्स वर्ष २०२४ चे घेतलेत.

पगारातून टॅक्स कापला जातो की, मग हे एस्टिमेटेड प्रकरण कुठून आलं?

पगारातून कापतात तो पगारावरचा टॅक्स. पण बँकेचं व्याज, शेअर विकून झालेला नफा, डिव्हिडंड, पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं, साईडला केलेलं कन्सल्टिंग, यातून कॅलिफोर्नियासाठी सहसा कोणी काही कापत नाही. राज्याचं म्हणणं एवढंच की पैसे जसे मिळतील तसा टॅक्स द्या, एप्रिलपर्यंत खिशात ठेवून बसू नका. आपल्याकडे भारतात ॲडव्हान्स टॅक्स असतो ना, तेच हे, फक्त तारखा आणि टक्के वेगळे.

म्हणजे हा दंड आहे की व्याज?

कागदावर पेनल्टी लिहिलेलं असतं आणि ते वाचून माणूस घाबरतो. पण गणित सगळं व्याजाचं आहे. किती रक्कम, किती दिवस, काय दर, बस. तुम्ही काही गुन्हा केलाय असं कोणी म्हणत नाही, राज्याचे पैसे तुम्ही काही दिवस वापरले त्याचं भाडं समजा. आणि हे सरळव्याज आहे, चक्रवाढ नाही, ही त्यातली बरी गोष्ट.

दर किती असतो?

फेडरलच्या दरावरून ठरतो आणि दर सहा महिन्यांनी बदलू शकतो. २०२२ मध्ये ३ टक्के होता तेव्हा कोणाला फरकच पडत नव्हता, लोक मुद्दाम भरायचे नाहीत, पैसे बाजारात ठेवायचे. २०२४ मध्ये पूर्ण वर्षभर ८ टक्के झाला आणि २०२५ च्या पहिल्या सहामाहीतही ८ च राहिला. भारतात ॲडव्हान्स टॅक्स कमी पडला तर महिन्याला १ टक्का, म्हणजे वर्षाला १२, त्यापुढे हे कमीच म्हणायचं. पण बचत खात्यावर जे मिळतं त्यापेक्षा नक्कीच जास्त, त्यामुळे "राहू दे, एप्रिलला एकदम भरू" हा हिशोब आता जमत नाही.

हप्ते कधी आणि किती?

इथेच बहुतेक जण फसतात म्हणून जरा सावकाश वाचा. फेडरलचे चार हप्ते सारखे, प्रत्येकी २५ टक्के. कॅलिफोर्नियाचे तसे नाहीत. १५ एप्रिलला ३० टक्के, १५ जूनला ४० टक्के, १५ सप्टेंबरला शून्य, आणि पुढच्या वर्षीच्या १५ जानेवारीला ३० टक्के. हो, सप्टेंबरला शून्य, ती चूक वाटते पण नाहीये. राज्याला पैसे लवकर हवेत, म्हणून जूनपर्यंतच ७० टक्के मागून घेतात. तारीख शनिवार-रविवारी आली तर पुढचा कामाचा दिवस धरायचा, उदाहरणार्थ २०२४ मध्ये १५ जून शनिवारी होता म्हणून १७ जून चालला.

आता फेडरल भरताना हाताला लागलेली सवय, तीच रक्कम चारने भागायची आणि दोन्हीकडे तशीच भरायची, ही सवय कॅलिफोर्नियात महाग पडते. किती महाग ते खाली करून दाखवतो.

मला भरायलाच लागतं का? लहान रकमेला सूट आहे ना?

पगारातून कापलेला टॅक्स आणि क्रेडिट (टॅक्समधून थेट वजा होणारी सूट) वजा करून जर ५०० डॉलरपेक्षा कमी टॅक्स उरत असेल तर काही नाही, सुटलात. नवरा-बायको वेगवेगळे रिटर्न भरत असतील तर प्रत्येकी २५०. ५०० पेक्षा जास्त निघत असेल तरी दोन दारं आहेत, यातलं एक जरी उघडं असलं तरी व्याज लागत नाही. पहिलं, या वर्षीच्या टॅक्सचे ९० टक्के वेळेत भरलेत. दुसरं, गेल्या वर्षीच्या टॅक्सइतके, म्हणजे १०० टक्के, वेळेत भरलेत. पण गेल्या वर्षीचं तुमचं एजीआय (काही ठराविक वजावटी जाऊन उरलेलं एकूण उत्पन्न) दीड लाख डॉलरच्या वर असेल (वेगळे रिटर्न भरणाऱ्यांना ७५ हजार), तर दुसऱ्या दारासाठी १०० चे ११० टक्के होतात. बे एरियात दोघं नोकरी करत असाल तर दीड लाख केव्हाच ओलांडलेले असतात, त्यामुळे ११० च धरून चला.

आणि एक तिसरा वर्ग. या वर्षीचं एजीआय दहा लाख डॉलर किंवा वर (वेगळे रिटर्न असतील तर पाच लाख) गेलं तर गेल्या वर्षीचं दार बंद, फक्त ९० टक्केवालं उरतं. स्टार्टअप विकला गेला आणि एका झटक्यात नफा आला अशा वर्षी हे डोक्यात ठेवा, कारण तेव्हा "गेल्या वर्षीइतके भरलेत ना" म्हणून निवांत बसलेला माणूस अडकतो.

आरएसयू (कंपनीने पगाराचा भाग म्हणून दिलेले शेअर) आले की कमी कापतात म्हणतात, ते खरं का?

फेडरलला खरं, कॅलिफोर्नियाला सहसा नाही. बोनस आणि स्टॉकवर कंपनी फेडरलसाठी साधारण २२ टक्के कापते आणि तुमचा खरा स्लॅब ३२ किंवा ३५ चा असतो, म्हणून तिकडे खड्डा पडतो. कॅलिफोर्नियाला मात्र १०.२३ टक्के कापतात आणि बहुतेक नोकरदारांचा स्लॅब ९.३ टक्के असतो, म्हणजे उलट थोडे जास्तच जातात. त्यामुळे आरएसयूमुळे स्टेटचं व्याज आलं असं कोणी म्हणालं तर एकदा त्यांचे ब्रोकरेजचे कागद बघायला सांगा, बहुतेक वेळा तो व्हेस्ट झालेला (म्हणजे तुमच्या नावावर आलेला) शेअर नंतर विकून जो नफा झाला त्याचा टॅक्स असतो. आणि कॅलिफोर्नियात लाँग टर्म नफ्याला वेगळा कमी दर नाही, पगारासारखाच लागतो, हे तर निम्म्या लोकांना माहितच नसतं.

भारतातल्या एफडीचं व्याज? तिथे टीडीएस कापलाय की!

हा माझा नावडता प्रश्न, कारण उत्तर ऐकून लोक माझ्यावरच चिडतात. फेडरल रिटर्नमध्ये भारतात भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट मिळतं. कॅलिफोर्निया परदेशात भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट देतच नाही. एनआरओ (परदेशस्थांचं भारतातल्या कमाईचं खातं) एफडीवर तिकडे ३० टक्के टीडीएस गेला तरी इकडे स्टेटला पुन्हा पूर्ण व्याजावर टॅक्स. एनआरई (परदेशातून पाठवलेल्या पैशांचं खातं) एफडी भारतात करमुक्त असते पण कॅलिफोर्नियासाठी ते व्याज म्हणजे साधं उत्पन्न. भारत-अमेरिका करारही कॅलिफोर्निया मानत नाही.

हिशोबाला घेऊ. ५० लाखांची एनआरई एफडी, ७ टक्क्यांनी साडेतीन लाख व्याज, डॉलरमध्ये साधारण ४,१०० धरू. ९.३ टक्क्यांनी टॅक्स साधारण ३८० डॉलर. एवढ्यावर ५०० ची मर्यादा ओलांडत नाही. पण त्यात फ्लॅटचं भाडं आणि इकडचे थोडे शेअर मिळवा, झालंच. आणखी एक कटकट म्हणजे भारतातल्या बँकेचं सर्टिफिकेट एप्रिल ते मार्चचं येतं आणि इथे जानेवारी ते डिसेंबर लागतं, त्यामुळे दोन वर्षांची स्टेटमेंट घेऊन महिन्यागणिक बेरीज करावी लागते. मी दर जानेवारीत रविवारची एक दुपार यात घालवतो, चहा दोनदा होतो. याउलट अमेरिकन सरकारच्या ट्रेझरी बिलांचं व्याज कॅलिफोर्नियात करमुक्त आहे, ज्यांना हा सगळा वैताग नको त्यांनी हे बघावं.

बरं, आता खरं गणित. मी दर तिमाहीला सारखे पैसे भरले, तरी व्याज का?

चला. समजा २०२४ साठी तुम्हाला एस्टिमेटेडमध्ये १०,००० डॉलर भरायचे होते (वरच्या दोन दारांतली जी लहान रक्कम ती), पगार नाही, कन्सल्टिंगचं उत्पन्न, कुठेही काही कापलेलं नाही. तुम्ही फेडरलच्या सवयीने २,५०० चे चार हप्ते वेळेवर भरलेत, एकूण पूर्ण १०,०००.

राज्याला हवे होते ३,०००, ४,०००, ०, ३,०००. १५ एप्रिलला तुम्ही २,५०० दिलेत, ५०० कमी. १७ जूनला २,५०० आले, पण ते पैसे आधी जुन्या खड्ड्यात जातात, म्हणजे ५०० एप्रिलचे फिटले आणि जूनसाठी उरले २,०००, हवे होते ४,०००, म्हणून २,००० कमी. मग १६ सप्टेंबरला (१५ ला रविवार होता) २,५०० आले, त्यातले २,००० जूनच्या खड्ड्यात, आणि सप्टेंबरला काही देणंच नाही म्हणून उरलेले ५०० जानेवारीसाठी पुढे गेले. जानेवारीत २,५०० अधिक ते ५०० म्हणजे ३,०००, पूर्ण.

आता व्याज. ५०० डॉलर, १५ एप्रिल ते १७ जून ६३ दिवस, ८ टक्के: ५०० × ०.०८ × ६३ ÷ ३६६, साधारण ६.९० डॉलर. २,००० डॉलर, १७ जून ते १६ सप्टेंबर ९१ दिवस: २,००० × ०.०८ × ९१ ÷ ३६६, साधारण ३९.८० डॉलर. बेरीज ४७ च्या आसपास. (२०२४ लीप वर्ष म्हणून ३६६, ३६५ ने भागलंत तरी उत्तर ४७ च येतं, त्यावरून कोणाशी वाद घालू नका.) पूर्ण रक्कम भरली, चारही तारखा पाळल्या, तरी ४७ डॉलर गेले, फक्त टक्के चुकले म्हणून. पहिल्या वर्षी मी नेमकं हेच केलं होतं आणि पत्र आल्यावर दोन दिवस मला कळेचना की मी कुठे चुकलो, कारण चेकबुकात सगळ्या तारखा बरोबर होत्या.

आणि काहीच भरलं नाही तर?

तोच १०,००० चा माणूस, वर्षभर काही नाही, सगळं एकदम १५ एप्रिल २०२५ ला. ३,००० वर पूर्ण वर्षाचे साधारण २४० डॉलर. ४,००० वर १७ जूनपासून ३०२ दिवस, साधारण २६४. शेवटच्या ३,००० वर १५ जानेवारीपासून ९० दिवस, साधारण ५९. एकूण ५६३ च्या आसपास. म्हणजे ढोबळमानाने टॅक्सच्या साडेपाच टक्के, पूर्ण ८ नाही, कारण सगळे हप्ते काही पहिल्याच दिवशी देय नव्हते. घाईत अंदाज घ्यायचा असेल तर २०२४ साठी ही साडेपाच टक्क्यांची चाळणी पुरते.

१५ एप्रिलनंतरही हे व्याज चालूच राहतं का?

नाही, हे इथे थांबतं. एप्रिलनंतरही टॅक्स बाकी असेल तर दुसरं मीटर सुरू होतं, आणि ते जास्त वाईट आहे. उशिरा भरल्याचा दंड थेट ५ टक्के, वर दर महिन्याला अर्धा टक्का, जास्तीत जास्त २५ टक्क्यांपर्यंत, शिवाय रोज चक्रवाढ होणारं व्याज वेगळं. कॅलिफोर्निया रिटर्न भरायला १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत आपोआप देते पण ती कागदांना मुदत आहे, पैशांना नाही. एवढं एक वाक्य समजलं असतं तर माझ्या ओळखीतल्या दोघांचे बरेच पैसे वाचले असते.

मला रिफंड येणार आहे, मग व्याज कसं लागेल?

लागू शकतं. वर्षाच्या शेवटी बेरीज जुळली हे एक आणि प्रत्येक तारखेला पुरेसे पैसे होते हे दुसरं. जानेवारीत एकदम मोठी रक्कम भरून रिफंड काढला तरी एप्रिल आणि जूनचा खड्डा होताच ना. ते व्याज मग रिफंडमधून वजा होतं आणि आपण विचार करत बसतो की सॉफ्टवेअरने दाखवलेल्यापेक्षा ४० डॉलर कमी का आले.

डिसेंबरमध्ये शेअर विकले, त्याचं व्याज एप्रिलपासून कसं काय?

न्याय्य प्रश्न. साध्या पद्धतीत वर्षभराचा टॅक्स ३०-४०-०-३० असा वाटला जातो, उत्पन्न कधी आलं हे कोणी विचारत नाही. पण एफटीबीच्या (फ्रँचाईज टॅक्स बोर्ड, राज्याचं टॅक्स खातं) ५८०५ फॉर्ममध्ये वार्षिकीकरणाची पद्धत आहे, तिथे तुम्ही मार्चअखेर, मेअखेर, ऑगस्टअखेर आणि पूर्ण वर्ष असं उत्पन्न तोडून दाखवता. पहिल्या तीन तुकड्यांना ४, २.४ आणि १.५ ने गुणून वर्षाचं काढायचं, त्यावरचा टॅक्स काढायचा आणि त्याचे अनुक्रमे २७, ६३, ६३ आणि ९० टक्के त्या त्या तारखेपर्यंत भरलेले असायला हवेत. ऑगस्टनंतर आलेला नफा पहिल्या तीन तुकड्यांत येतच नाही, म्हणून त्याचा भार थेट १५ जानेवारीवर पडतो, आणि तोपर्यंत भरलंत तर व्याज खूप उतरतं.

किचकट आहे का? आहे. कारण प्रत्येक तुकड्यासाठी वजावटीसुद्धा (डिडक्शन) त्या तारखेपर्यंतच्याच घ्यायच्या असतात, नुसतं उत्पन्न तोडून चालत नाही. ५० डॉलर वाचवायला मी हे करणार नाही. ६०० वाचत असतील तर एक शनिवार द्यायला हरकत नाही. आधी मात्र ११० टक्केवालं दार तपासा, ते उघडं असेल तर या वार्षिकीकरणाच्या फंदात पडायची गरजच नाही.

वर्षअखेरीला लक्षात आलं की कमी भरलंय, आता काही जुगाड?

एक आहे, आणि सरळ मार्गाचा आहे. पगारातून कापलेला टॅक्स कधी कापला याला फारसं महत्त्व नसतं, तो वर्षभर पसरून कापल्यासारखा धरतात. (खऱ्या तारखा दाखवून तुमचा फायदा होत असेल तर फॉर्ममध्ये तशी सोय आहे, पण ती मागावी लागते.) म्हणून ऑक्टोबरमध्ये जाग आली तर स्वतः हप्ता भरण्यापेक्षा ऑफिसात डीई ४ फॉर्म (पगारातून स्टेट टॅक्स किती कापायचा ते सांगणारा) नव्याने देऊन उरलेल्या पगारांतून जास्त कापायला सांगा, ते पैसे मागच्या तारखांनाही थोडेफार भरून काढतात. तुम्ही स्वतः भरलेला हप्ता मात्र ज्या दिवशी भरला त्याच दिवसाचा.

नवरा-बायको एकत्र रिटर्न भरत असाल तर दोघांपैकी कोणाच्याही पगारातून चालतं. आमच्याकडे बायकोच्या पगारातून जास्त कापतो, कारण तिच्या पेरोलमध्ये बदल दुसऱ्याच पगाराला दिसतो आणि माझ्याकडे तीन ईमेल लागतात.

गेल्या वर्षीचा रिफंड पुढे वळवला तर?

उत्तम सवय. वेळेत रिटर्न भरून तो रिफंड पुढच्या वर्षाला लावला तर १५ एप्रिलचा हप्ता म्हणून धरला जातो, ३० टक्क्यांतला बराच भाग तिथेच भागतो.

व्याज मीच काढायचं का राज्य काढून पाठवतं?

काहीच केलं नाही तर राज्य स्वतः काढून बिल पाठवतं आणि साध्या केसमध्ये ते ठीकच असतं. ५८०५ तुम्ही भरून जोडायचा तो तेव्हा, जेव्हा वार्षिकीकरण वापरताय, पगारातल्या कपातीच्या खऱ्या तारखा दाखवताय किंवा माफी मागताय. सॉफ्टवेअर आपोआप आकडा टाकतं, पण त्याला तुमच्या हप्त्यांच्या तारखा दिल्या नसतील तर ते गृहीत धरून चालतं, तेव्हा तारखा भरा.

माफी मिळते का? पहिलीच वेळ आहे म्हणून?

पहिली वेळ म्हणून नाही. कॅलिफोर्नियाची एकदाची माफी आहे ती रिटर्न किंवा पैसे उशिरा भरल्याच्या दंडाला, एस्टिमेटेडला लागू नाही. इथे माफी मिळते ती आपत्ती किंवा अगदी वेगळी परिस्थिती असेल तर, किंवा त्या वा आदल्या वर्षी ६२ नंतर निवृत्त झालात वा अपंगत्व आलं आणि कमी भरण्याला सबळ कारण होतं तर. "मला माहित नव्हतं" हे सबळ कारण नाही, मी लिहून पाहिलंय.

मोठ्या आपत्तीत मात्र तारखाच पुढे ढकलतात, मग माफी मागायचीही गरज नाही. जानेवारी २०२५ च्या आगीनंतर लॉस एंजेलिस काउंटीतल्या लोकांना १५ ऑक्टोबर २०२५ पर्यंत मुदत मिळाली, त्यात १५ जानेवारीचा हप्तासुद्धा आला. तिथले असाल आणि तरी व्याजाचं बिल आलं असेल तर भरू नका, आधी विचारा.

भरायचं कसं? चेक चालतो?

फ्रँचाईज टॅक्स बोर्डाच्या वेब पे या ऑनलाईन सोयीवरून बँक खात्यातून फुकट भरता येतं, क्रेडिट कार्डाला वरून फी लागते. चेक आणि ५४०-ईएस व्हाउचरही (चेकसोबत पाठवायची हप्त्याची स्लिप) चालतं, पण एकच हप्ता २०,००० डॉलरच्या वर गेला किंवा वर्षाचा टॅक्स ८०,००० च्या वर गेला की पुढे कायम ऑनलाईनच भरायचं, रक्कम शंभर डॉलर असली तरी. चेक दिलात तर त्या रकमेच्या १ टक्का दंड.

भरले होते, तरी भरले नाहीत असं पत्र आलंय!

नव्वद टक्के वेळा वर्ष चुकलेलं असतं असं मला वाटतं. जानेवारी २०२५ मध्ये भरलेला हप्ता २०२४ चा असतो, पण वेब पेवर माणूस सवयीने २०२५ निवडतो आणि पैसे पुढच्या वर्षाच्या खात्यात जाऊन बसतात. पैसे कुठे गेलेले नसतात, पावतीचा नंबर घेऊन त्यांना मेसेज करा, योग्य वर्षाला वळवून देतात, आणि तारीख मूळचीच धरायला सांगा.